दहा नंबरची जोडी

मानवी संस्कृती सुईच्या टोकावर उभी आहे.

हे वाक्य माझं नाही. वाशीला आमच्या सोसायटीत महिला मंडळाचा विणकामाचा वर्ग सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचं आहे. पाहुणे पांढऱ्या सफारीत होते. नारळ फोडून झाला होता, आणि मंडळाने प्रतीक म्हणून त्यांच्या हातात विणकामाची एक सुई दिली होती. संस्कृती, सुई, स्त्री आणि राष्ट्र अशा क्रमाने त्यांनी भाषण संपवलं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी ती सुई डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, "हिचं भोक कुठंय?"

माईक चालू होता.

विणकामाच्या सुईला भोक नसतं. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला टाके घसरू नयेत म्हणून बोंडी, आणि मधे नुसती सरळ लांबी. इतक्या साध्या वस्तूत निवडण्यासारखं काय असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

आता ती सोसायटी पाडणार आहेत. पुनर्विकास. ज्या इमारती आमच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या, त्यांना जुन्या म्हणायची वेळ आली, हे मला अजून नीट पटलेलं नाही. पण गॅलरीचा स्लॅब आपलं मत वेळोवेळी खाली टाकत असतो. तर मी आईचं घर आवरायला आले होते. आई पलंगावर बसून सूचना देत होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या वस्तूंबद्दल ती अजून "त्यांना विचारून टाक" अशा सुरात बोलते. कपाटावरून मी शटलकॉकचा एक लांब पुठ्ठ्याचा डबा काढला.

"हा टाकू?"

"आधी हलवून बघ."

हलवला. आत खडखड, त्यात थोडी किणकिण. झाकण काढलं तर पिसांचा जुना, धुळकट वास आला. बाबांनी वाशीला आल्या आल्या बॅडमिंटन सुरू केलं होतं. मोकळ्या मैदानावर खाडीचा वारा एवढा असायचा, की फूल मारायचं इकडे आणि आणायला जायचं शेजारच्या सेक्टरात. खेळ महिन्याभरात संपला. डबा मात्र आईने घेतला, कारण त्यात विणकामाच्या सुया अगदी मापात बसत.

मी त्या चादरीवर ओतल्या. स्टीलची जोडी, तपकिरी पडलेली. फिक्या गुलाबी प्लॅस्टिकची जोडी, दोन्ही सुया एकाच बाजूला वाकलेल्या. हिरव्या रंगाची ॲल्युमिनियमची सुई, एकटी. बांबूची सुई, तीही एकटी. तिच्या मागच्या टोकाला बोंडीऐवजी इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच.

"या दोघींच्या जोडीदारणी कुठे गेल्या?"

"असतील," आई म्हणाली. विषय बंद करायचा असला की ती हा शब्द वापरते.

आम्ही गिरगावातून वाशीला आलो ते बाबांच्या नोकरीमुळे. त्यांचा कारखाना शिरवण्याच्या बाजूला होता. पुलावरून रोजची ये-जा करण्यापेक्षा इकडेच घर घेऊ, असं त्यांनी ठरवलं आणि आईला घर दाखवायला आणलं. सेक्टरला नंबर होता, बिल्डिंगला नंबर होता, दाराला नंबर होता. माणसं तेवढी यायची होती. सकाळी ओहोटीला चिखलाचा खारा, कुजकट वास यायचा. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांचा वास यायचा, कडू बदाम फुटल्यासारखा. मला दोन्ही आवडायचे. वासावरून वेळ कळायची. आईला त्या वेळेत रस नव्हता.

"इथे ओरडलं तर ऐकायला कोण आहे?" तिने विचारलं.

"पण ओरडायचं कशाला?" बाबा म्हणाले.

"तेच म्हणते मी. तिकडे ओरडावं लागायचंच नाही."

गिरगावातली खोली तिने सोडू दिली नाही. तिचा भाऊ, आमचा भाऊमामा, तिथेच खालच्या मजल्यावर राहायचा. किल्ली त्याच्याकडे ठेवली. परत जायचं की नाही, यावर घरात चर्चा होत नसे. पण आई भांडी पुरती खोक्याबाहेर काढत नव्हती, आणि तेवढी चर्चा पुरे होती.

मग पहिली थंडी आली. वाशीच्या थंडीला थंडी म्हणणं हा थोडा शिष्टाचाराचा भाग आहे. पण पहाटे पहिल्या पाळीला स्कूटरवरून जाताना खाडीचा वारा छातीत शिरायचा हे खरं. बाबा खोकायला लागले. एका सकाळी आईने त्यांच्या शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी खोचली, दार लावून घेतलं आणि संध्याकाळी ते आल्यावर सांगितलं, "तुमचा स्वेटर विणते. तो होईपर्यंत राहते इथे. मग काय ते सांगते."

बाबा म्हणाले, "बरं." स्वेटरला किती वेळ लागतो याची त्यांना कल्पना नव्हती. आईलाही नव्हती. तिला विणकाम येत नव्हतं.

येत होतं ते तळमजल्यावरच्या कांबळे काकूंना. मूळच्या चिपळूणकडच्या. काका फौजेत होते, त्यामुळे काकूंचं अर्धं आयुष्य जम्मू आणि पठाणकोटच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. आता काका एका कारखान्यात सिक्युरिटीचे साहेब होते आणि काकू बिल्डिंगच्या. त्या सुयांकडे न बघता विणत, आणि समोरच्याकडे बघून विणत, त्यामुळे समोरचा आपोआप ताठ बसे.

"वहिनी, सुई घ्यायची ती स्टीलची," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "ॲल्युमिनियमची पातेली करतात. प्लॅस्टिकच्या बादल्या. सुई म्हटली की स्टील. माझी ही जोडी माझ्या पोरीच्या आधीची हाय, आणि पोरीपेक्षा सरळ हाय."

आईने दहा नंबरची स्टीलची जोडी आणली. मोतिया रंगाची लोकर आणली. दोन सुलट, दोन उलट. त्या सुया हातात घेतल्या की आधी गार लागत, मग हळूहळू माणसाच्या होत. वजन चांगलं होतं. मनगट दुखलं की काम केल्यासारखं वाटे. आवाज घड्याळासारखा, टिकटिक. बिल्डिंग अजून अर्धी रिकामी होती, त्यामुळे जिन्यात उभं राहिलं तरी कळायचं, कुणाच्या घरी विणकाम चाललंय.

पाठ होत आली तोवर पावसाळा मधे आला. त्या दिवसांत बरणीतल्या मिठाचं पाणी व्हायचं, माचिस ओढली की नुसतं लाल बोट उमटायचं. एका दुपारी आईने विणकाम उलगडलं, तर मोतिया लोकरीवर नारिंगी ठिपक्यांची ओळ. सुयांना गंज चढला होता.

कांबळे काकूंनी चष्मा लावून पाहिलं. "जम्मूत कधी झालं नाय असं."

"जम्मूला खाडी आहे का?" आईने विचारलं.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "रोज पुसायच्या, वहिनी."

आईने सगळं उसवलं. उसवणं हा त्या वर्षांतला आमच्या घरचा मोठा विधी होता. लोकरीचं टोक ओढलं की ओळीमागून ओळ सर्रकन सुटायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो, जाड कागद हळूच फाडल्यासारखा. सुटलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी असायची. ती मी खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळायची, आई लडी करून कोमट पाण्यात बुडवायची, आणि खाली एक वरवंटा अडकवून ती गॅलरीत टांगायची, म्हणजे धागा पुन्हा सरळ व्हावा. घरभर ओल्या बकरीचा वास सुटायचा. बाबा घरात पाऊल टाकल्या टाकल्या वास घ्यायचे आणि, माझी खात्री आहे, खूश व्हायचे. वास आला म्हणजे स्वेटर पुन्हा शून्यावर.

यानंतर आई सुयांच्या बाबतीत कुणाचं ऐकेनाशी झाली. दादरला लोकरीच्या दुकानात ती मला घेऊन गेली. दुकानदाराने जोड्या मांडल्या. आईने एक सुई उचलली आणि तिचं टोक वरच्या ओठावरून सावकाश फिरवलं. मग दुसरी. मग तिसरी. बोटांना कळत नाही ती खरखर ओठाला कळते, हे तिने कुठून शोधलं कोण जाणे. दुकानदार बघत राहिला.

"बाई, सुई आहे ती. कुल्फी नव्हे."

"कुल्फी असती तर तुम्हाला विचारलं असतं," आई म्हणाली, "कुठली चांगली ते."

ओठाने हिरवी ॲल्युमिनियमची जोडी पास केली. ती हलकी होती, चुणचुणीत होती, आणि तिचा आवाज चमच्यांसारखा किणकिणायचा. लोकर तिच्यावरून अशी पळायची की आईच्या हातांना वेग आला. पण वेगाचं एक असतं. दाराची बेल वाजली, आई उठली, विणकाम खुर्चीवर ठेवलं, आणि परत येईपर्यंत सुईवरचे टाके घसरून मोकळे. एक टाका सुटला की खालच्या ओळी शिडीसारख्या उघडत जातात. शिवाय जिथे हिरवा रंग उडाला तिथून घामाची बोटं काळी व्हायची. आई विणायला बसण्याआधी हातांना पावडर लावू लागली. त्यामुळे आमच्या स्वेटरला काही दिवस एखाद्या बाळाचा वास येत होता.

प्लॅस्टिकची जोडी उन्हाळ्यात आली. फिकी गुलाबी, गुळगुळीत, आणि वागायला अतिशय नम्र. थोडी जास्तच. दुपारी आईने ती गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि पाळीवरून आलेल्या बाबांनी उचलून आणली.

"सुई ठेवली होतीस ना?" त्यांनी ती उजेडात धरून विचारलं. "धनुष्य झालंय."

प्रत्येक वेळी सुई बदलली की हात बदलायचा. नंबर तोच, दहा. पण स्टीलवर टाके घट्ट यायचे, ॲल्युमिनियमवर सैल, प्लॅस्टिकवर मनाला येईल तसे. अर्धी पाठ एका हाताची आणि अर्धी दुसऱ्या हाताची दिसायला लागली की आई उसवायची. आणि तिने नाही उसवलं तर बाबा मदत करायचे. विणलेला तुकडा ते छातीला लावून आरशासमोर उभे राहायचे, मान तिरपी करायचे आणि अगदी सहज म्हणायचे, "इथे जरा सैल वाटतंय का गं? मला काही कळत नाही म्हणा यातलं."

मला वाटतं त्यांना सगळं कळत होतं. आईला ते कळतंय हे कळत होतं की नाही, हा प्रश्न मी पुढे बरीच वर्षं सोडवत राहिले.

खाडीकाठच्या सारसोळे गावातून हिरा कोळीण यायची, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन. पाटी उतरवायला तिला आमचा जिना बरा वाटे, कारण तिथे कायम दोन-तीन बायका सुया घेऊन बसलेल्या असत. तोवर काकूंकडे शिकायला आणखी बायका येऊ लागल्या होत्या. ती सफारीवाली संस्कृती त्यानंतर आली.

"या गरमीत सुटर कुनाला घालतेस गो बाय?" हिराने विचारलं.

"आमच्या यांना."

"यांनी काय गुना केलाय?"

जिना हसला. आईसुद्धा. वाशीला आल्यावर ती एवढ्या मोठ्याने हसलेली मी पहिल्यांदा ऐकली. मग तिने हिराला गंजलेली सुई दाखवली, वाकलेली दाखवली, घसरणारी दाखवली. हिराने स्टीलची सुई मापाला म्हणून पाटीत टाकून नेली. तिचा सासरा जाळी विणायचा, बांबू तासायची त्याला सवय होती. पुढच्या खेपेला बांबूची जोडी आली. पण म्हाताऱ्याने ती दोन्हीकडून टोकदार केली होती.

"अगं, मागून टाके गळतील याच्यावरून," आई म्हणाली.

"मंग तसं सांगाचं ना. तो म्हनला, बाईमानूस हाय, दोन्हीकडून भोसकाला बरी."

मागच्या टोकांना कांबळे काकूंनी दवाखान्यातून आणलेली रबरी बुचं बसवली. आणि मग कळलं की म्हाताऱ्याने बांबू चुलीवर, सुक्या मासळीच्या माळेशेजारी, धुरात वाळवला होता. जोडीला बोंबलांचा वास होता. तो लोकरीत उतरला. शिवाय दमट हवेत बांबू किंचित फुगायचा आणि लोकर धरून ठेवायचा. टाका पुढे ढकलायला प्रत्येक वेळी अंगठा लावावा लागे. आवाज मात्र अजिबात नाही. आई विणते आहे की नुसती बसली आहे, ते आतल्या खोलीतून समजत नसे.

"ही चुकलीच," मी म्हटलं.

"कुठलीच अगदी चुकत नाही," आई म्हणाली आणि पाण्यात थोडा व्हिनेगर टाकून लडी बुडवली.

त्यानंतर कधीतरी तिच्या विणण्याचा आवाज बदलला. मी दुसऱ्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची आणि ऐकायची. टिकटिक नव्हे, किणकिण नव्हे, गप्पही नव्हे. मधलंच काहीतरी, टप् टप्, भिजलेल्या बोटाने पाटावर वाजवावं तसं. मी डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न करायची आणि मला ओळखता यायचं नाही. उठून बघायला जावं, एवढं साधं मला का सुचलं नाही, देव जाणे. कदाचित आवाज ओळखण्यात जास्त मजा होती. पण त्या आवाजाने स्वेटर भराभर वाढू लागला. पाठ झाली, पुढा झाला, गळा झाला. एक बाही झाली. उसवण्याचा वास घरातून गेला. बाबा आल्यावर दारात थबकून वास घ्यायचे आणि गप्पच चप्पल काढायचे. आरशासमोर उभं राहूनही त्यांना दोष सापडेना.

अशातच गणपतीनंतरच्या एका रविवारी भाऊमामा आला. खोली रिकामी ठेवल्याबद्दल घरमालक कुरकुरत होता. ठेवायची की सोडायची, ते आता सांगायला हवं होतं.

आई दाराजवळच्या खुर्चीवर दुसरी बाही विणत होती. टप् टप्. जिन्यात कांबळे काकू आणि आणखी दोघी बसल्या होत्या, आणि त्यांच्या सुया बंद पडल्या होत्या. फौजेत राहिलेल्या बाईला कुठे कान द्यावा हे शिकवावं लागत नाही.

"कुठवर आला स्वेटर?" मामाने विचारलं. अट त्याला माहीत होती. आईच त्याला सांगून आली होती.

"एक बाही राहिलीये."

"मग झालंच की! दिवाळीला तिकडेच या सगळे. मी भिंतींना रंग काढून घेतो."

बाबा चहात साखर ढवळत होते. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत होते. मग तेही थांबले. खालच्या रस्त्यावर हिराची हाक ऐकू आली, पापलेटं आणि कोलंबी, एका दमात.

आईने हातातली ओळ संपवली. विणकाम मांडीवर पसरलं, बाहीवर हात फिरवला, जणू सुरकुती आहे.

"भाऊ, या बाहीला वेळ लागेल."

"किती?"

"सांगता येत नाही. हवा दमट आहे इथली."

मामाने खिशातली किल्ली चाचपली. "मग खोलीचं काय करू?"

"सोडून दे. कुणाची तरी सोय होईल." आणि जिन्याकडे तोंड करून, "कांबळे वहिनी, काय ऐकताय? आत या, चहा ठेवते."

"आमी कुठं ऐकतोय!" काकू आत येत म्हणाल्या.

बाबा उठून गॅलरीत गेले. तिथे काही काम नव्हतं. बराच वेळ ते आमच्याकडे पाठ करून उभे होते, कठड्यावर हात ठेवून, आणि मधेच खोकल्यासारखं करत होते.

त्या संध्याकाळी आईने उरलेली खोकी उघडली. वर्तमानपत्रांच्या बोळ्यांतून पितळेचे डबे निघाले, पोळपाट निघाला, गिरगावच्या धुराचा वास निघाला आणि खिडकीतून गेला.

पुढे तिने खूप विणलं. पुण्याच्या भाच्यांसाठी, काकूंच्या जम्मूच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी नातवंडांसाठी, पठाणकोटला बदली झालेल्या शेजाऱ्यांच्या मुलासाठी. काकूंच्या गुडघ्यांनी जिना सोडला तेव्हा वर्गही तिनेच चालवला. नव्या बाईला ती आधी सुई ओठावर फिरवायला लावायची. बायका लाजायच्या, मग फिरवायच्या.

परवा कपाटाचा सर्वात खालचा कप्पा आवरताना पिशवी सापडली. कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा आणि आत मोतिया रंग, आता सायीसारखा पिवळट. पाठ, पुढा, गळा, एक बाही. दुसरी बाही कोपरापर्यंत, अजून सुयांवर. टाके डाव्या सुईवर थांबलेले: ती बांबूची, रबरी बुचाची. उजवीकडे मोकळी खोचलेली हिरवी, ॲल्युमिनियमची.

"ही काय जोडी?" मी विचारलं.

"दोन्ही दहा नंबरच्या आहेत," आई म्हणाली. मग माझं तोंड बघून तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सुया हातात धरल्या. "डावीने धरून ठेवायचं. उजवीने पुढे न्यायचं. ओळ संपली की टाके पुन्हा डावीवर घ्यायचे. दोन्ही पळणाऱ्या असल्या की टाके गळतात, दोन्ही धरणाऱ्या असल्या की काम पुढे सरकत नाही. कांबळे वहिनींना सांगितलं नव्हतं कधी. त्यांना झेपलं नसतं."

तिने एक टाका विणला. टप्. मी डोळे मिटले आणि उघडले.

स्वेटर नाकाशी नेला. पावडर गेली, बकरी गेली. बोंबील अजून आहे, थोडासा, बाहीच्या आत.

"पूर्ण का नाही केलास?"

"राहिला."

नवी इमारत होईपर्यंत ट्रान्झिटचं घर नेरुळला मिळालंय, सारसोळ्याच्या अंगाला. आई तिथे किती रमेल याची मला चिंता होती. चार दिवस ती नुसतं 'बघू' म्हणत होती. आता तिने पिशवीची गाठ मारली आणि ती माझ्याकडे दिली.

"हे टेम्पोत टाकू नकोस. माझ्या हातातल्या बॅगेत ठेव. तिकडे हवा जास्त दमट असेल."

बाबा निवृत्त होईपर्यंत पहिल्या पाळीला मफलर गुंडाळून जात असत. मफलर विकतचा होता.